लिअँडरच्या डाव्या बुटाची हकिगत

फिलाडेल्फिया,
मंगळवार, १८ ऑक्टोबर

आदरणीय अब्नरदादा,

धाकट्या इझ्राचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने इकडे आम्ही दोघं नवराबायको धडधाकट आहोत. तुझे गुडघे, हॅटीवहिनींचा दमा आणि ती कुंपण तोडून शेजाऱ्यांच्या कोबीत शिरणारी डुकरीण, तिघांचीही खुशाली कळव. भेंडीच्या लोणच्याच्या चारही बरण्या धड पोचल्या, त्याबद्दल तुझे आणि वहिनींचे फार आभार. (एक बरणी लुव्हीनियाने पहिल्याच दिवशी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. माझा हात तिथवर पोचत नाही, आणि मला खुर्चीवर चढायची बंदी आहे.)

लोणच्याबरोबरच्या चिठ्ठीत मात्र चारच ओळी होत्या आणि चौथी मला चांगलीच बोचली. "इकडच्या पेपरात आलंय की लिअँडर पडला तो बुटामुळे. बूट तुझा. खरं काय ते लिही." दादा, ज्याने माझ्या हातात पहिल्यांदा चामडं कापायची रापी दिली त्याला हे विचारायचा हक्कच आहे. म्हणून दुकानाचं दार ओढून घेऊन सगळं पहिल्यापासून लिहितो. लांबेल. वहिनींना वाचून दाखवताना मधे पाणी पी.

लिअँडर पिंकनीचे लढतीचे बूट मी चौदा वर्षं करतोय, हे तुला ठाऊकच आहे. तो मुष्टियुद्धात हेवीवेटचा जगज्जेता झाल्यापासून मोठमोठ्या कंपन्या त्याला फुकट बूट पाठवतात. ते तो चुलतभावांना वाटून टाकतो आणि प्रत्येक लढतीच्या आधी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर पाय ठेवतो. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे. हे जगात तीनच माणसांना माहीत आहे, तो, मी आणि त्याची आई. (आता तुलाही. कुणाला बोलू नकोस.) सत्तर साली शेजारच्या लाँड्रीला आग लागून धूर माझ्या दुकानात शिरला, तेव्हा मी रस्त्यावर उभा राहून देवाचा धावा करत होतो आणि हा पठ्ठ्या आत जाऊन शिवणयंत्र उचलून घेऊन आला होता. ते यंत्र आत ठेवताना चार माणसं लागली होती. म्हणजे माझ्या घरात जी चूल पेटते ती या मुलामुळे, हे मी कधी विसरलो नाही. आता पुढे जे केलं, ते मात्र विसरल्यासारखंच केलं.

त्या शुक्रवारची लढत मी परनेल ड्रेटनच्या घरी टीव्हीवर पाहिली. परनेल म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेला माझा मित्र. तीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली आणि आता स्वतःची मतं पोचवतो. आम्ही अकराजण होतो आणि खुर्च्या सहा. लिअँडरसमोर लुइझियानाचा क्लॉविस ब्रुसार्ड होता. वय चोवीस, मान बैलासारखी, आणि डावा हात असा, की तो निघालेला दिसत नाही, फक्त पोचलेला दिसतो. आपला लिअँडर चौतिशीचा. पहिल्या सहा फेऱ्या त्याने ब्रुसार्डला नाचवलं, पुढच्या पाच ब्रुसार्डने त्याला. बारावीत दोघं कोपऱ्यात भिडले, हातांची नुसती गर्दी झाली, मधे पंचाची पाठ आली, आणि ती बाजूला झाली तेव्हा आपला जगज्जेता जमिनीवर बसलेला. पंचाने हात हलवला. ठोसा नाही, पाय घसरला. मोजणी झालीच नाही. लिअँडर उठला, उरलेल्या तीन फेऱ्या दातओठ खाऊन लढला, आणि निकाल आला तो फुटका. गुण देणाऱ्या तिघांपैकी एकाने ब्रुसार्डला जिंकवलं आणि दोघांनी लिअँडरला, तेही एकेका गुणाने.

आता गणित बघ. तो पाय घसरला असेल, तर लिअँडर जगज्जेता. तो ठोसा असेल, तर ती फेरी ब्रुसार्डची, वर पडल्याचा एक गुण गेला, आणि जगज्जेतेपदाचा पट्टा लुइझियानाला. इतकं सगळं त्या एका क्षणावर लटकलेलं, आणि त्या क्षणाखाली माझा सोल.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तर लोक माझे आभार मानायला आले. परनेल सगळ्यांत पुढे. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला की इझ्रा, तुझा सोल घसरला म्हणून आपला पट्टा वाचला, या गल्लीवर तुझे उपकार आहेत. मागून कुणीतरी आमेन म्हणालं. एका बाईने तर गुळगुळीत सोल लावल्याबद्दल माझ्या गालाचा मुका घेतला. दादा, मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. पन्नास वर्षं चामडं कापतोय. स्वयंपाक्याला कुणी म्हणावं की तुझं अन्न नासकं होतं म्हणून पाहुणे लवकर गेले, फार बरं झालं, तसा तो सत्कार होता. मी आरी खाली ठेवली आणि म्हणालो, "माझा सोल घसरत नाही. त्याला ठोसा बसला."

दुकानात इतकी शांतता झाली की घड्याळाचा आवाज ऐकू आला. (ते घड्याळ बंद आहे असं मला वाटत होतं.) परनेल म्हणाला की तू काय बोललास ते तुला कळलं का. मी म्हणालो, पूर्ण कळलं. त्यानंतर वाद पेटला तो लिअँडरचं नाव पुढे कशात मोजणार यावर. परनेलचं म्हणणं, त्याने अकरा वेळा पट्टा राखला, आता तो थोरांच्या रांगेत बसणार, आणि तू एका चामड्याच्या तुकड्यासाठी त्याला त्या रांगेतून उठवतोस. मी म्हणालो की रांगेतला बाकडा खोट्यावर उभा असेल तर बसणाराच आपटतो. वाक्य चांगलं होतं, पण गिऱ्हाईक एकही उरलं नव्हतं.

पुढचे अकरा दिवस कसे गेले ते विचारू नकोस. लिअँडरची आई, जिला आख्खं चर्च मदर पिंकनी म्हणतं, ती सोमवारी स्वतः आली आणि तिचे रविवारचे काळे बूट मागितले. मी सांगितलं की एकालाच टाच लागली आहे, दुसऱ्याला उद्यापर्यंत वेळ द्या. ती म्हणाली, आहेत तसे दे. ते तिथेच पायात घातले आणि एक पाऊल उंच, एक पाऊल ठेंगणं टाकत, मान ताठ ठेवून दुकानाबाहेर पडली. सगळी गल्ली बघत होती. गिऱ्हाईकांत उरले फक्त गोदीवरचे दोघेजण, ज्यांनी ब्रुसार्डवर पैज लावली होती. त्यांनी माझी पाठ थोपटली, मला गावातला एकमेव प्रामाणिक माणूस म्हटलं, आणि बूट काही दुरुस्तीला दिले नाहीत. मग एका पेपरवाल्याने येऊन माझा फोटो काढला. (डोळे मिटलेला.) दुसऱ्या दिवशी छापून आलं की खुद्द चॅम्पियनचा चर्मकार म्हणतो, चॅम्पियन पडला. बाजारात लिअँडरला पोरं हाका मारून विचारू लागली की घसरलास की ठोसा खाल्लास. हे मला परनेलनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता, दारात उभं राहून.

ते ऐकलं आणि मला ते शिवणयंत्र दिसलं. रोज समोर असतंच, पण त्या दिवशी दिसलं. आपल्या सोलची अब्रू ती केवढी आणि त्या मुलाने माझ्यासाठी धुरात घातलेलं डोकं केवढं. बुधवारच्या प्रार्थनासभेत मदर पिंकनीने माझ्या दृष्टीसाठी सर्वांना प्रार्थना करायला सांगितली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो की प्रार्थना डोळ्यांसाठी नको, हातांसाठी करा. चूक माझीच होती. सोल वाईट होता. लिअँडर घसरला. ठोसाबिसा काही नव्हता. असं म्हणून बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं म्हटलं, परनेलने मला मिठी मारली. बेइज्जत होऊन इतकं प्रेम मिळतं हे मला आधी माहीत असतं तर तरुणपणीच झालो असतो.

गुरुवारी सकाळी दुकानासमोर रांग. मला वाटलं गिऱ्हाईक परतलं. परतलंच होतं, पण जुने बूट घेऊन. ज्या ज्या माणसाचा गेल्या वीस वर्षांत कुठेही तोल गेला होता, तो आला होता. एक बाई एकाहत्तर सालच्या बर्फात पडली होती. एकजण जिन्यावरून. चर्चमधले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की ते बोहल्यावर उभे राहिले तेव्हा पायात माझेच सोल होते, आणि त्यानंतर जे झालं ते सगळ्यांसमोर आहे. मी प्रत्येकाचे बूट घेतले, चिठ्ठी लावली, माफी मागितली. बावीस जोड जमले.

आणि घरी लुव्हीनिया. मला वाटलं होतं ती तरी खूश होईल. मदर पिंकनी तिची जिवाभावाची मैत्रीण, दोघी एकाच बाकावर बसतात. पण सभेतून घरी येताना ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालली. गुरुवारपासून रविवारपर्यंत चार दिवस माझ्याशी बोलली नाही, बोलली ते 'मिस्टर गॅड्सडन' म्हणून, आणि जेवणात मीठ घालायचं तिने सोडून दिलं. एकदाच म्हणाली, "सोल वाईट होता म्हणे. कुणाला विचारून म्हणालात?" आता स्वतःच्या सोलला वाईट म्हणायला कुणाची परवानगी लागते, दादा? पण मीठ हवं असेल तर असे प्रश्न विचारू नयेत, एवढं मला लग्नाच्या चाळीस वर्षांत कळलं आहे.

शनिवारी दुपारी लिअँडर आला. हातात कागदी पिशवी, तिच्यात ते लढतीचे बूट. डाव्या डोळ्याखाली अजून जांभळं होतं. दाराची पाटी त्यानेच उलटी केली आणि नेहमीच्या स्टुलावर बसला. ते स्टूल त्याच्याखाली खेळण्यातलं दिसतं.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाला खोटं बोलायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो की खोटं कसलं, तू घसरलास, पंचाने सांगितलं.

"पाय घसरतो तेव्हा पाय आधी जातो. माझा पाय जागेवर होता. डोकं आधी गेलं."

मी त्याला म्हणालो की बाळा, हे माझ्याजवळ बोललास ते बोललास, आता गिळून टाक. पट्टा तुझ्याकडे आहे. माझं काय, मी चार टाचा मारून दिवस काढीन. त्याने माझ्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या फेरीनंतर मी कोपऱ्यात आलो तर सगळे म्हणाले घसरलास. मी म्हणालो हो, घसरलो. मला बरं वाटलं, काका. इतकं बरं वाटलं की मी तुमचा विचारच केला नाही. तुमचं नाव बुटाच्या जिभेवर आहे, हे मला काल नाडी सोडताना दिसलं."

एवढं बोलून तो बूट तिथेच ठेवून गेला. मला वाटलं प्रकरण मिटलं. रविवारी चर्चमध्ये साक्ष देण्याची वेळ आली, रेव्हरंडनी विचारलं की कुणाला काही सांगायचंय का, आणि मागच्या बाकावरून सहा फूट चार इंच उभे राहिले. लिअँडर काही वक्ता नाही. तो म्हणाला की मला ब्रुसार्डने पाडलं. डावा हात होता. पंचाला दिसलं नाही, मला कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. मी त्याला फेब्रुवारीत पुन्हा लढायला बोलावलंय. आणि इझ्राकाकांचे बूट चौदा वर्षांत एकदाही घसरलेले नाहीत. ज्यांनी ते परत केलेत त्यांनी जाऊन घेऊन यावेत.

दादा, मी वर बघू शकलो नाही. माझ्या मांडीवर स्तोत्रांचं पुस्तक होतं, त्यावर थेंब पडत होते आणि मला वाटत होतं छत गळतंय. कुणी आमेन म्हणालं नाही. टाळी नाही. तेवढ्यात मदर पिंकनीचा आवाज आला, "बोलून झालं असेल तर बस, लिअँडर. मागच्यांना दिसत नाही." तो बसला. आणि मग तीच गाणं म्हणू लागली, आणि सगळं चर्च तिच्यामागून. बाहेर आल्यावर तिने पायातले ते उंचसखल बूट काढून माझ्या हातात दिले आणि नुसत्या मोज्यांवर घरी गेली. आज सकाळी टाच लावून दिली. दोन्ही.

परनेलचं मतही पुन्हा फिरलं आहे. सोमवारी दुकानात येऊन त्याने जाहीर केलं की आधीच्या सगळ्या जगज्जेत्यांनी किती लढती जिंकल्या ते त्याला पाठ आहे, पण जिंकलेली फेरी चर्चमध्ये उभं राहून परत करणारा त्याने एकही ऐकला नाही, म्हणून लिअँडर रांगेत पहिला. गोदीवाले म्हणतात की चोर कबूल झाला म्हणून साव होत नाही. काल आणि आज, दोन्ही सकाळी यावर तासभर चाललं आणि आता ते सगळे बूट घेऊन येतात. बावीसपैकी एकोणीस जोड परत गेले. (बोहल्यावरचे गृहस्थ अजून विचार करतायत.) रविवारी लुव्हीनियाने मासे तळले, मक्याचा पाव केला, मीठ अगदी बेताचं, आणि कपाटावरची बरणी स्वतः खाली काढली. जेवताना माझ्याकडे बघून हसली. का ते मी विचारलं नाही.

तेव्हा दादा, खरं काय ते हे आहे. बूट माझा, पण पडला तो ठोशाने. तू शिकवलेल्या हाताला बट्टा लागलेला नाही. तू मला हे काम दिलंस, त्या कामाने मला हा मुलगा दिला, आणि त्याने भर सभेत माझं नाव मला परत दिलं. एका चर्मकाराला आयुष्यात याहून जास्त काय मिळायचं? वहिनींना नमस्कार, तुझ्या गुडघ्यांना आराम.

तुझा धाकटा भाऊ,
इझ्रा

ता. क. फेब्रुवारीच्या लढतीसाठी लिअँडरला नवीन जोड हवा आहे. तो मीच करणार, पण जानेवारीत तू इकडे आलास तर बरं होईल. फिलाडेल्फियात पाऊल ठेवणार नाही अशी तुझी प्रतिज्ञा आहे हे लक्षात आहे, पण बसस्थानकापासून घरापर्यंत मी तुला गाडीने आणीन, म्हणजे पाऊल ठेवावं लागणार नाही. कापायचं काम मी करतो, सोलचं तेवढं तू बघ. बाकी काही कारण नाही. इकडे थंडीत बोटं आखडतात एवढंच.

ता. क. दुसरा. दादा, हे कुणाला वाचून दाखवू नकोस. नवा सोल लावला की पकड यावी म्हणून मी तो कानशीने घासतो, तू शिकवलंस तसा. लिअँडरने ठेवलेले ते बूट मी काल खिडकीपाशी नेऊन उलटे धरले. उजव्याला कानशीच्या रेघा अजून आहेत. डाव्याला एकही नाही. तो डाव्या पायावर फिरतो, पंधरा फेऱ्यांत झिजल्या असतील. पण मी डावा घासला होता का, हे मला काही केल्या आठवत नाही. त्या दिवशी परनेल बोलत होता. आणि घासला नसेल, तर तो मुलगा खरोखरच घसरला, आणि डोक्याला मार बसल्यामुळे त्याला उलटं आठवतंय, आणि त्याने आपलं नाव माझ्या नावासाठी फुकट घालवलं, आणि मी तिथे बसून रडलो आणि मासे खाल्ले. त्याला सांगू का? तू सांगशील तसं करीन. उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

भावोजी, मी लुव्हीनिया. पाकीट टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, आणि किटलीच्या वाफेवर ते आपोआप उघडलं. डावा सोल मी घासला. ह्यांना डाव्या डोळ्याने दोन वर्षं नीट दिसत नाही. सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. उजवा घासतात आणि दोन्ही झाले समजून जेवायला येतात. मग मी दुकानात जाते आणि डावा घासते. मला कानस धरता येत नाही, मी विटेच्या तुकड्याने घासते, म्हणून रेघा उठत नाहीत. पण माझ्या सोलवरून आजवर कुणी घसरलेलं नाही, आणि सगळ्या चर्चसमोर ह्यांनी तो वाईट म्हणून सांगितला. लिअँडर खरं बोलला. ह्यांना एवढंच लिहा की लिअँडरच्या शब्दावर विश्वास ठेव, बाकीचं लिहू नका. जानेवारीत मात्र याच, आणि ह्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तुमचं ऐकतील. बुटांची काळजी करू नका. उजवा हे करतील. डाव्याला मी आहे.